सुई उद्या

१

नूतनचं काम सकाळी साडेदहाला सुरू व्हायचं. आधी हातात पांढरे सुती मोजे. मग लाकडी पेटीतून एक काच दोन्ही तळव्यांत धरून अलगद बाहेर काढायची, रबरी फुंकणीनं धूळ उडवायची, मऊ ब्रश फिरवायचा, काच स्कॅनरवर ठेवायची आणि झाकण लावून वीस मिनिटं थांबायचं. तेवढ्यात समोरच्या टपरीवरून चहा यायचा.

चंद्रपुरात जटपुरा गेटच्या आत बाबूभाईंचा जुना फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, गेलेल्या माणसाचा फोटो मोठा करून देणं, यावर त्याचं पोट चालतं. बाबूभाईंचे हात थरथरायला लागले तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षं, स्टुडिओ नूतनच सांभाळत होती. बाबूभाई दुपारी येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसत आणि तिच्या चुका काढत.

काचा होत्या डॉक्टर गुणवंतराव येनमवारांच्या. कलकत्त्याला शिकून आलेला हा माणूस १९२१ साली अहेरीच्याही पलीकडे, कोटमारा नावाच्या जंगलातल्या गावी दवाखाना घालून बसला. बैलगाडीत औषधांच्या पेट्यांशेजारी त्यानं तीन पायांचा मोठा कॅमेरा नेला होता. घोंगड्या टांगून त्यानं अंधारी खोली केली, नदीचं पाणी फडक्यातून गाळून काचा धुतल्या, आणि सतरा वर्षं रोग्यांचे फोटो काढले. त्या मुलखात रोगाचा फोटो काढणारा तो पहिला डॉक्टर. विलायतेतल्या वैद्यकीय मासिकांनी ते फोटो छापले, त्याला पदकही मिळालं. आता त्याचा पणतू डॉक्टर निकेश पणजोबांवर जाडजूड पुस्तक काढत होता. चंद्रपुरात त्याचं स्वतःचं हॉस्पिटल. दोनशे चौदा काचा त्यानं स्वतः गाडीतून आणून दिल्या.

"नूतनताई, हा माणूस देव होता," तो म्हणाला होता. "या काचा मी दुसऱ्या कुणाच्या हातात दिल्या नसत्या."

नूतनला ते खरं वाटलं, आणि बरंही वाटलं. तिची आई शकुबाई त्याच्याच उपचाराखाली होती. हृदयाची झडप आखडलेली, पाय सुजून खांबासारखे झालेले. ऑपरेशन नागपुरातच होणार, आणि तिथल्या सर्जनकडे तारीख लावायची तर निकेशच्या शब्दाशिवाय ते होण्यातलं नव्हतं.

२

पहिल्या पस्तीस काचांपर्यंत काही वाटलं नाही. खुर्ची एकच, मागं टांगलेलं काळं कापड एकच, बाजूच्या खिडकीतून येणारा उजेडही एकच. रोगी तेवढे बदलायचे. याज नावाचा रोग त्या काळी जंगलातली गावं पोखरत होता. अंगभर गाठी यायच्या, फुटायच्या, पुढं हाडं वाकायची, नाक बसायचं. नूतनला दोन दिवस जेवण गेलं नाही. मग सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते.

छत्तिसाव्या काचेशी तिच्या ध्यानात आलं, की यांच्यातलं कुणीच कॅमेऱ्याकडे पाहत नाही.

तिनं मागचे सगळे फोटो पुन्हा पडद्यावर काढले. म्हातारे, बाया, कडेवरची लेकरंसुद्धा. सगळ्यांची नजर कॅमेऱ्याच्या जरा बाजूला, जरा मागं. एका माणसाकडे पाहावं तशीही नाही. दारात कोण कोण आलंय ते पाहताना नजर पसरते ना, तशी.

"त्याच्यात काय हाय बेटी?" बाबूभाई म्हणाले. त्यांची मराठी हिंदीत अशीच कालवलेली असायची. "डॉक्टर बाजूला उभा असन. हातात रबरी गोळा, दाबला का फोटो. पेशंट त्यालेच पाहणार."

"सारेच्या सारे?"

"डर के मारे! सुईवाल्याकडं कोण नाई पाहत?" ते हसले. "शक असन तर आँख बडी करून पाह्य. आँख में पूरा कमरा आता है. मी तं नवरीच्या डोळ्यात माह्यी स्टुडिओची छत्री पाह्यली हाय."

३

जुन्या काचेची एक गंमत असते. आजच्या महागड्या कॅमेऱ्यात मावणार नाही इतकं बारीक तिच्यात मावतं. नूतननं एकेचाळिसाव्या काचेतल्या बाईचा डावा डोळा मोठा केला, आणखी मोठा केला. बुबुळात चार तावदानांची खिडकी दिसली. तीन पायांचा कॅमेरा दिसला. शेजारी कोट घातलेला माणूस. बाबूभाई खरंच बोलले होते.

कोटवाल्याच्या मागं आणखी दोघं उभे होते.

नातेवाईक असतील. रोग्यासोबत घरचे येतातच. नूतननं पुढची काच घेतली.

नव्वदाव्या काचेतल्या बुबुळात दहा-बाराजण होते. दीडशेव्या काचेपर्यंत खोली भरली होती. खांद्याला खांदा लावून, भिंतीपासून खिडकीपर्यंत माणसं उभी होती. खिडकीची दोन तावदानं त्यांच्या डोक्यांनी झाकली गेली होती. डॉक्टर सगळ्यांच्या पुढं, पाठमोरा त्यांना. कुणी बोलत असावं असं वाटत नव्हतं.

तिला भीती वाटली ती या गर्दीची नव्हे. नव्वदाव्या काचेपासूनच गर्दीत एक म्हातारा होता, कपाळावर लिंबाएवढी गाठ असलेला. त्याला तिनं पाहिलं होतं. बाराव्या काचेत तोच खुर्चीवर बसला होता.

काचांसोबत डॉक्टरांची जाड वही होती, पुस्तकासाठी तिचीही पानं स्कॅन करायची होती. नूतननं ती आजवर नीट वाचली नव्हती. आता वाचली. अक्षर सुरेख, मोत्यासारखं. काच बारा: पोचू, वय अंदाजे साठ. त्याच्यापुढं तारीख आणि एकच शब्द, 'मृत'. नव्वदावी काच त्यानंतर चार वर्षांनी काढलेली होती.

त्या काळी या रोगावर सोमलाची, म्हणजे आर्सेनिकची, सुई निघालेली होती. दोन-तीन सुयांत माणूस खडखडीत बरा व्हायचा. हे डॉक्टरांनीच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं, आणि सुयांची पेटी पोचल्याची तारीखही. मग पानामागून पान नोंदी होत्या, आणि बहुतेक नोंदींच्या शेवटी तेच दोन शब्द. 'सुई उद्या.'

जुरी नावाच्या एका मुलीच्या अकरा काचा होत्या. पहिल्या काचेत सात वर्षांची, गुडघ्यावर दोन गाठी, बाकी टुकटुकीत. शेवटच्या काचेत चौदा वर्षांची. त्या चेहऱ्याकडे नूतनला दोन क्षणांवर पाहवलं नाही. वहीत लिहिलं होतं: 'औषध हाताशी आहे. पण रोग पहिल्या गाठीपासून अखेरपर्यंत एकाच देहावर कुणी टिपलेला नाही. क्रम पूर्ण व्हायचा आहे. तोवर सुई नको.' त्याखाली १९३१ सालची तारीख, आणि 'मृत. क्रम पूर्ण.'

४

पुस्तकात दवाखान्याचा आजचा फोटो हवा होता, म्हणून निकेशनं गाडी दिली. आलापल्लीच्या पुढं सागाचं रान दाटत गेलं, डांबर संपलं, आणि भर दुपारी नूतन कोटमाऱ्याला पोचली. दवाखान्याची कौलं शाबूत होती. शेजारी राहणारा दसरू नावाचा ऐंशीच्या घरातला म्हातारा किल्ली घेऊन आला.

"फोटूवाल्या डाक्टरचं हाय हे," तो म्हणाला. "माह्यी आजी सांगे. जाचं, खुर्चीवर बसाचं, हालाचं नाई. डाक्टर म्हणे, सुई उद्या. उद्या गेलं का पुन्हा फोटू."

"आन् सुई?"

"ज्याचं फोटूचं काम झालं, त्याले भेटे." दसरूनं कुलपात किल्ली फिरवली. "एखाद्याचं काम मरेपावतर होये ना."

"लोक मंग जात काऊन होते?"

म्हाताऱ्यानं तिच्याकडे असं पाहिलं, की तिला आपल्याच प्रश्नाची लाज वाटली. "दुसरी सुई कुठी होती बाई?"

त्यानं दार ढकललं, पण आत पाय टाकला नाही. "मोहफुलं ठेवाले घेतली होती आमी ही खोली. दोन सालात सोडली. पोट्टे आत जाचे ना. खोली रिकामी हाय, पण आतमंदी खेटून जा लागते."

नूतन हसली. एवढी माणसं इथं मावतात का ते मोजायला टेप घेऊन ती आत गेली. खुर्ची ठेवायची जागा फरशीवर चार खळ्यांनी कळत होती, कॅमेऱ्याच्या पायांच्या खुणाही होत्या. कॅमेऱ्याच्या मागं भिंतीपर्यंत अंतर भरलं साडेतीन फूट. चारजण उभे राहिले तर पाचव्याला दाराबाहेर थांबावं लागलं असतं. म्हणजे बुबुळातली ती गर्दी म्हणजे काचेवरची बुरशी, किंवा कापडाच्या सुरकुत्या, किंवा दोन महिने तेच तेच पाहून शिणलेले आपले डोळे. तिला हायसं वाटलं. तिनं सहा-सात फोटो काढले, पलीकडच्या भिंतीला हात लावून आली आणि बाहेर उन्हात उभी राहिली.

दसरू तिच्याकडे टक लावून पाहत होता.

"काय झालं भाऊ?"

"तुमी तिरप्या चालल्या बाई," तो म्हणाला. "आंग चोरून. जातानी बी आन् येतानी बी."

५

निकेशनं काचांचे फोटो पाहिले ते हॉस्पिटलच्या केबिनमध्ये, दोन पेशंटच्या मधल्या वेळात. त्याला सगळं आवडलं. फक्त एका ठिकाणी तो थांबला.

"या डोळ्यांत काय कचरा आहे ताई? सगळ्यांच्याच दिसतोय. मोठ्या पानावर वाईट दिसेल. तेवढं साफ करा."

"तो कचरा नाई डॉक्टरसाहेब. माणसं हायेत." नूतननं वही पुढं सरकवली, खुणेचं पान उघडून. "आन् हे वाचलं का तुमी? ह्या पोरीले सात वर्षं सुई देल्ली नाई त्याइनं. पेटीत होती तरी."

निकेशनं पान वाचलं. त्याला ते नवं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं. त्यानं वही मिटली आणि स्वतःच्या खणात ठेवली.

"त्या काळचं विज्ञान तसंच होतं. त्या एका मुलीमुळे हजार डॉक्टरांना हा रोग ओळखता आला, हे कुणी लिहीत नाही." मग आवाज जराही न बदलता तो म्हणाला, "आईंच्या तारखेचं मी नागपूरला बोलतोय. दोन आठवड्यांत काम पूर्ण द्याल ना? प्रकाशन ठरलंय."

तो धमकी देत नव्हता. त्याला खरंच या दोन्ही गोष्टी एका दमात आठवल्या होत्या. त्याचंच नूतनला जास्त वाईट वाटलं.

एक डोळा साफ करायला चार मिनिटं लागत. बुबुळ काळं भरायचं, कडेला पांढरा ठिपका द्यायचा, चमक आल्यासारखी. पहिल्या दिवशी तिचा हात अडखळला. बाबूभाई मागं येऊन उभे राहिले होते.

"पूरी जिंदगी रिटचिंग केली मी," ते म्हणाले. "देवीचे वण काढले, तिरळे डोळे सरळ केले. पण बुबुळाले हात नाई लावला बेटी. त्याच्यात त्या माणसानं पाह्यलेलं असते."

"माह्या मायची तारीख हाय चाचा."

बाबूभाईंनी कोपऱ्यातलं स्टूल भिंतीला सरकवलं. दुसऱ्या दिवसापासून ते दुपारचे येईनासे झाले.

दोन आठवड्यांत नूतननं दोनशे तेरा काचांतले डोळे पुसले. पोचूचे पुसले, जुरीचे अकरा वेळा पुसले. पुसलेले चेहरे शहाण्यासारखे समोर पाहत होते. बाजारातल्या बाहुल्या पाहतात तसे.

६

शेवटची काच मुखपृष्ठासाठी होती. १९३८. खुर्चीवर खुद्द डॉक्टर गुणवंतराव बसले होते, कमरेपर्यंत उघडे, रोग्यासारखे. त्यांच्या अंगावर एकही गाठ नव्हती. त्यानंतर अकरा दिवसांनी ते वारले. घरचे सांगतात की झोपेत.

फोटो सुरेख होता. तरी नूतनला आधी त्यांचे दंड खटकले. दोन्ही दंड बरगड्यांशी घट्ट दाबलेले, खांदे आवळलेले, मांस आत चेपलेलं. गच्च भरलेल्या एसटीत दोन माणसांच्या मधे बसलेल्या माणसाचे असतात तसे. खुर्चीच्या दोन्ही बाजूंना मागचं काळं कापड तेवढं होतं.

तिनं डोळा मोठा केला. चार तावदानं मोकळी होती. कॅमेऱ्यामागं कुणीच नव्हतं, भिंतीचे पोपडेसुद्धा दिसत होते. इतक्या आठवड्यांनी खोली रिकामी पाहून तिनं श्वास सोडला. मग तिला कॅमेऱ्याच्या शेजारी, त्याच्या पायांच्या उंचीचं कुणीतरी दिसलं. लहान मूल. गुडघ्यावर दोन ठिपके. हातात रबरी गोळा धरलेला.

नूतननं ते चार मिनिटांत पुसलं. या वेळी हात अडखळला नाही, आणि त्याचीच तिला मागाहून भीती वाटली.

७

प्रकाशन थाटात झालं. मोठमोठी माणसं आली, पणजोबांना द्रष्टा म्हटलं गेलं. ऑपरेशनची तारीख मात्र पुढं गेली. मग आणखी पुढं. "सर्जन परदेशी आहेत," निकेश म्हणाला. तोवर शकुबाईला त्यानं आपल्याच हॉस्पिटलात दाखल करून घेतलं होतं, आणि रोज सकाळी तो स्वतः येत होता. मोबाइल काढायचा, सुजलेले पाय, फुगलेलं पोट, मानेवरच्या ताठ शिरा टिपायचा.

"आधी जरा फोटो काढून घेतो आई. फार क्वचित अशी केस मिळते. सगळे टप्पे एकाच पेशंटमध्ये."

"आन् नागपूर?" नूतन विचारायची.

"उद्या बोलतो."

हे शब्द तिनं ऐकले. कुठं वाचलेत तेही तिला ठाऊक होतं. तरी ती पलंगाशी, डॉक्टरच्या खांद्यामागं, पदर हातात पिळत उभी राहिली. दुसरा डॉक्टर कुठून आणायचा होता?

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी शकुबाईनं मोबाइलच्या बाजूला पाहिलं, जरा मागं, आणि डोळे बारीक केले.

"डाक्टर, इतक्या लोकाइले काऊन आणलं संग?"

"मी एकटाच आहे आई," निकेश हसून म्हणाला. "आणि ही तुमची नूतन."

"तिले वळखतो न मी." शकुबाईनं सुजलेले पाय कष्टानं एका अंगाला सरकवले, पायथ्याशी जागा केली आणि नूतनच्या कमरेएवढ्या उंचीवर पाहत मायेनं म्हणाली, "बस न वो बाई. उभी काऊन राह्यली? पाय दुखत असन तुहे."

शकुबाई त्याच संध्याकाळी गेली.

तेराव्यानंतर आठ दिवसांनी निकेशचा निरोप आला. हैदराबादच्या परिषदेत तो ही केस मांडणार होता. शेवटच्या दिवसाचा फोटो तेवढा उजळ करून हवा होता. खाली त्यानं लिहिलं होतं, 'आईंचं योगदान वाया जाणार नाही.'

नूतननं फोटो पडद्यावर घेतला. आईचा डोळा मोठा केला. मोबाइलचं चित्र ते, काचेसारखं बारीक नव्हे, तरी पुरेसं होतं. पुढं निकेश, मोबाइल धरून. त्याच्या खांद्याला खांदा लावून नूतन. आणि दोघांच्या मागं, वॉर्डच्या दारापर्यंत, ती सगळी. तिनं एकेकाला पुसलं होतं. तिला ती एकेक ओळखू येत होती. त्यांच्यातलं कुणीही निकेशकडे पाहत नव्हतं. सगळी नूतनकडे पाहत होती.

तिनं फोन लावला.

"साहेब, मायच्या डोळ्यात सारे उभे हायेत. मीबी हावो त्याइच्यात. आता मी पुसणार नाई."

 निकेश समजुतीनं म्हणाला, "ताई, तुम्ही थकलाय. राहू द्या डोळ्यांचं. तसेही ते दिसणार नाहीत. पेशंटची ओळख लपवायची असते, नियमच आहे. मी वरून काळी पट्टी टाकतो."

चार दिवसांनी परिषदेचे फोटो त्यानं पाठवले. भलामोठा पडदा, खाली टाळ्या वाजवणारे लोक, पडद्यावर शकुबाई. कपाळ, नाक, सुजलेले गाल, आणि डोळ्यांवर आडवी काळी पट्टी. नूतननं फोटो मोठा केला. तिला फक्त आईचा चेहरा पाहायचा होता. पट्टीची वरची कड सरळ होती. खालच्या कडेवर, दाराची फट धरावी तशी आतून धरलेली, चार बारीक, वाकलेली, लहान मुलाची बोटं होती; आणि पट्टी त्या बाजूनं किंचित वर उचलली गेली होती.